चिडका जर्मन

बाईंना माणसं आवडत नसत, एवढंच म्हणणं म्हणजे बाईंना फार स्वस्तात सोडण्यासारखं आहे. माणसं त्यांना आवडत नसतच, पण त्या माणसांनी केलेली भाषांतरं तर त्यांना बघवत नसत. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात जर्मन शिकवलं. वर्ष सुरू होताना वर्गात चाळीस मुलं असायची, संपताना नऊ उरायची, आणि या नवांच्या हातूनही पुढे काही व्हायचं नाही, हे बाई शेवटच्या तासाला त्यांना सांगून टाकायच्या. मुलं पाठीमागे त्यांना ‘लाल शाई’ म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

अशा बाईंचा जीव एकाच माणसावर जडला, आणि तो माणूस शंभरावर वर्षांपूर्वी मरून गेलेला होता, हे बरंच झालं म्हणायचं. तो जर्मन विचारवंत. तत्त्वज्ञानाचा अख्खा इतिहास त्याने तीन जाडजूड खंडांत लिहिला होता, जगात पहिल्यांदा कुणीतरी डोकं खाजवून ‘हे असं का?’ म्हणालं तिथपासून ते त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत. चौदाशे पानं. एकेक वाक्य असं की सुरुवातीला ओतलेला चहा क्रियापद येईपर्यंत गार व्हायचा. पण बाईंना तो आवडायचा तो वाक्यांसाठी नव्हे. त्यांच्या मते हा माणूस कुणालाही सोडत नव्हता. मोठमोठे विचारवंत एकेक करून समोर उभे करायचे, त्यांचं म्हणणं दोन पानांत सांगायचं, आणि मग त्यांना त्यांची जागा अशी दाखवायची की पुन्हा म्हणून तोंड वर काढू नये.

“मूर्खांची कीव न करणारा हा एकच माणूस मला आयुष्यात भेटला,” त्या म्हणायच्या.

“भेटला कुठे? तो तर मेलाय,” त्यांचा धाकटा भाऊ म्हणायचा. भाऊ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला होता आणि बाई त्याच्याच घरी, पुढच्या खोलीत राहत. ‘राहत’ म्हणजे ती खोली त्यांनी बळकावली होती. टेबल, कोश, जर्मन खंड आणि टाइपरायटर यांतून भाऊ कधी खिडकी उघडायला गेला तर त्याला आडवं होऊन जावं लागे.

अकरा वर्षं बाईंनी या जर्मनाचं भाषांतर केलं. रोज सकाळी आठ ते बारा. आजारपण नाही, पाहुणे नाहीत, कुणाचं लग्न नाही. शेवटचं पान टाइप केलं त्या दिवशी त्यांनी जेवताना सहज सांगितलं, “झालं.” भावजय म्हणाली, “वन्सं, अभिनंदन!” तर बाई म्हणाल्या, “तुला काय कळलं त्यातलं, अभिनंदन करायला?” भावजय शिलाईचे क्लास घ्यायची, दिवसभर बावीस बायकांशी बोलून तिचं कातडं जाड झालं होतं. ती हसली आणि ताटं उचलायला लागली.

आता पुस्तक छापायचं, तर परदेशी ग्रंथांची भाषांतरं छापणारं मंडळ गावात एकच होतं. आणि या मंडळाचा एक नियम होता. भाषांतरातली पाच प्रकरणं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि ती एका तिसऱ्याच माणसाला द्यायची. या माणसाने मूळ पुस्तक पाहिलेलं नसावं. त्याने ती प्रकरणं पुन्हा जर्मनमध्ये न्यायची. मग हे उलट भाषांतर मुळाशी ताडून बघायचं, म्हणजे मधल्या प्रवासात काय सांडलं आणि कुठे पाणी घातलं ते कळतं. नियम जाचक होता, खर्चिक होता आणि मंडळातल्या कुणालाच नको होता. तो बाईंनीच करायला लावला होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मवाळ प्राध्यापकाने एका जर्मन ग्रंथाचं भाषांतर परस्पर इंग्रजी संक्षेपावरून उरकलं होतं. बाईंनी ते पकडलं, वर्तमानपत्रात दोन रविवार त्यांची सालटी काढली, आणि तिसऱ्या रविवारी मंडळाचीही. प्राध्यापकांनी नंतर काहीही छापलं नाही. मंडळाने नियम केला.

तेव्हा नियमाला बाईंची हरकत असण्याचं कारण नव्हतं. हरकत आली ती माणूस निवडताना. गावात जर्मन येणारे पंधरा-वीस जण होते आणि बाईंच्या लाल शाईतून त्यांतला एकही सुटलेला नव्हता. सचिवांनी सगळ्यांना पत्रं लिहिली. कुणाला मोतीबिंदू निघाला, कुणाच्या मुलीचं बाळंतपण. एकाने तर सरळ लिहिलं, की वाघिणीच्या दाढा मोजायचं काम आपल्याला जमणार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे सचिव शेवटी एका फोरमनच्या दारात गेले.

हे बाईंना मंडळाच्या कचेरीतच कळलं. कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीला स्टीलची कपाटं, आणि कपाटांत न खपलेले ग्रंथ. सचिवांच्या टेबलासमोर एक साठी ओलांडलेला माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, आणि उजव्या हाताच्या करंगळीला वरचं पेर नाही.

“हे आपल्या प्रकरणांचं उलट भाषांतर करणार आहेत,” सचिव म्हणाले आणि लगेच फाइलीत डोकं घालून बसले.

बाईंनी त्या माणसाला चपलेपासून केसांपर्यंत पाहिलं. “जर्मन कुठे शिकलात?”

“कारखान्यात, बाई. आधी तिकडे जर्मनीत चार वर्षं उमेदवारी केली. मग इकडे छपाईची मशिनं बसवायला लागलो. त्यांचे इंजिनियर यायचे, त्यांच्याशी बोलायला कुणीतरी लागायचं.”

“म्हणजे व्याकरणाच्या नावाने पूज्य.”

“व्याकरण चुकलं तर मशीन उलटं बसतं,” फोरमन शांतपणे म्हणाला. “तेवढं शिकावंच लागलं.”

“तत्त्वज्ञान वाचलंय कधी?”

“नाही.”

“मग हे काय समजून करणार आहात तुम्ही?”

“जे लिहिलंय तेवढं करीन. पदरचं काही घालणार नाही, तुमचं काही काढणार नाही. प्रत्येक वाक्याला नंबर देतो. तुमच्या कागदावर जो नंबर तोच माझ्या कागदावर. सुट्या भागाला नंबर नसला की तो हरवतो.”

बाईंनी सचिवांकडे असं पाहिलं, की त्यांनी फाइल आणखी जवळ धरली. फोरमनने तोवर प्रकरणांच्या गठ्ठ्याची दोरी सोडली होती. पहिलं पान त्याने ओठ हलवत वाचलं. बाईंना ओठ हलवून वाचणाऱ्या माणसांची शिसारी होती. पान संपल्यावर त्याने वर पाहिलं.

“एक विचारू? हा माणूस एवढा चिडलेला का आहे?”

“मोठ्या माणसांना मूर्खपणा सहन होत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला ते कळणं अवघड आहे.”

“असेल,” फोरमन म्हणाला आणि गठ्ठा पुन्हा नीट बांधून घेऊन गेला.

घरी आल्यावर बाईंनी चपला काढायच्या आधीच तोफ डागली. नटबोल्टवाला! ज्या ग्रंथापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले, तो ग्रंथ पान्याने उघडणार! भाऊ वर्तमानपत्रातून म्हणाला, “ताई, तुझाच नियम ना तो?” बाई म्हणाल्या, नियम माझा आहे, गाढव मंडळाचं आहे. भावजय म्हणाली, “पण वन्सं, माणूस सरळ वाटतो. कुणी सांगतं का स्वतःहून, तत्त्वज्ञान वाचलं नाही म्हणून? आमच्या क्लासला येणारी प्रत्येक जण म्हणते, मला थोडंफार येतं. मग मशीनवर बसवलं की कळतं.” बाईंना क्लासातल्या बायकांशी जर्मनाची केलेली ही बरोबरी इतकी झोंबली, की संध्याकाळभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. घराला तेवढीच विश्रांती.

तीन महिन्यांनी फोरमनचं काम आलं. नियमाप्रमाणे ते आधी आठ दिवस भाषांतरकाराला बघायला मिळे, त्याला काही आक्षेप असले तर नोंदवता यावेत म्हणून. बाईंनी टेबल रिकामं केलं. डाव्या हाताला मूळ जर्मन खंड उघडला, उजव्या हाताला फोरमनचे कागद ठेवले, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि बाह्या सरसावल्या. अकरा वर्षांत त्यांना एवढा उत्साह वाटला नव्हता.

फोरमनचं जर्मन जसं असायला हवं होतं तसंच होतं. छोटी छोटी वाक्यं, एकेक पायरी. आत्मा, सत्य, कारण हे सगळं त्याने अशा शब्दांत उतरवलं होतं, की जणू कुठल्यातरी यंत्राची जोडणी समजावून सांगतोय. बाई दोन ठिकाणी मोठ्याने हसल्या. पण पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली.

मुळात होतं, की या विचारवंताने पाणी हे सगळ्याचं मूळ मानलं. फोरमनच्या जर्मनमध्ये होतं, की या भोळसट गृहस्थाची समजूत अशी, की सगळ्या जगाचं मूळ म्हणजे पाणी. पाणी!

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भोळसट हा शब्द मुळात कुठेच नव्हता. त्यांनी त्याखाली लाल रेघ ओढली. पुढच्या पानावर मुळात होतं, की इथे तो थांबतो. फोरमनने लिहिलं होतं, इथे स्वारीची मजल संपते. त्याच पानाच्या तळाशी मुळात, त्याच्या शिष्यांनी हे म्हणणं जपून ठेवलं. फोरमनकडे, त्याच्या शेपटांनी हेच पुढे शंभर वर्षं चघळलं.

बाईंना आनंदाने घाम फुटला. नुसता अडाणी नव्हे, लबाडही! एका थोर विचारवंताच्या तोंडी हा माणूस चाळीतलं भांडण घालत होता. चार दिवस त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. पाच प्रकरणांत एकशे चौदा जागा निघाल्या. कुठे ‘बिचारा’, कुठे ‘पोरकट’, कुठे ‘एवढी अक्कल असती तर’. एका जागी तर एका ग्रीक म्हाताऱ्याला ‘हे ध्यान’ म्हटलेलं. बाईंनी दोन रकाने आखले. डावीकडे मूळ, उजवीकडे फोरमन. नऊ पानांचं टिपण झालं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘हा इसम ज्या ग्रंथकाराच्या पायाशी बसण्याच्या लायकीचा नाही, त्याच्या मुखात स्वतःची असभ्यता कोंबण्याचं धाडस त्याने केलं आहे. अशा माणसाच्या हाती मंडळाने हे काम सोपवावं, ही मंडळाच्या बुद्धीची इयत्ता आहे.’ मग त्यांनी टिपण भाऊ आणि भावजयीला समोर बसवून वाचून दाखवलं.

भाऊ म्हणाला, “झकास. सचिव राजीनामाच देईल.”

भावजय हातातलं अस्तर उसवत होती. ती म्हणाली, “वन्सं, एक विचारू का?”

“विचार.”

“त्याने हे मुळावरून नाही ना केलं? तुमच्या कागदांवरून केलं.”

“अर्थात.”

“मग तुमचे कागद कुठायत? कपडा बिघडला, तर आधी बेतताना चुकलं की शिवताना चुकलं ते बघतात. तुम्ही मधला कागद उघडलेलाच दिसत नाही.”

बाई तिच्याकडे वळल्या. रागाने नव्हे, कीव आल्यासारख्या. “मधला कागद माझा आहे. माझ्या कागदात काय आहे ते मी माझ्याच कागदात शोधू?”

“तसं नाही...”

“अस्तर उसव तू,” बाई म्हणाल्या. टिपण त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिलं, आणि पोच घेतल्याशिवाय जिना उतरल्या नाहीत.

मंडळाच्या समितीची बैठक एका शनिवारी दुपारी भरली. लांब टेबल, पाच सभासद, पाण्याचा एक जग आणि त्यावर उपडा घातलेला एक पेला. अध्यक्ष एके काळी न्यायाधीश होते. त्यांना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं, पण दोन्ही बाजू ऐकून घ्यायची खोड अजून गेली नव्हती. फोरमन टेबलाच्या टोकाला बसला होता, समोर दोन गठ्ठे, कडा जुळवून ठेवलेले. बाईंनी पिशवीतून जर्मनाचा पहिला खंड काढून टेबलावर आपटला आणि टिपण वाचायला घेतलं. मूळ वाक्य त्या हळू, घोळवून सांगत. फोरमनचं वाक्य नाक मुरडून. सभासद माना डोलवत होते. सचिवांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटचं ते इयत्तेचं वाक्य बाईंनी अध्यक्षांकडे बघत वाचलं आणि कागद खाली ठेवले.

“तुमचं काय म्हणणं आहे?” अध्यक्षांनी फोरमनला विचारलं.

“बाईंनी पहिली जागा सांगितली, त्या माझ्या वाक्याचा नंबर काय आहे?”

“कशाला हवाय नंबर?” बाई म्हणाल्या.

“सांगा ना.”

सचिवांनी वाकून पाहिलं. “पहिलं प्रकरण, चौदावं वाक्य. एक-चौदा.”

फोरमनने चष्मा लावला, डावीकडचा गठ्ठा उघडला आणि अंगठा लावून पान काढलं. तो बाईंच्या टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा होता. समासात पेन्सिलीने बारीक आकडे घातलेले. “एक-चौदा,” तो म्हणाला आणि ओठ हलवत नव्हे, चांगलं मोठ्याने वाचायला लागला. “‘या भोळसट गृहस्थाची समजूत अशी, की सगळ्या जगाचं मूळ म्हणजे पाणी. पाणी!’ पुढे उद्गारचिन्ह आहे. ते मी ठेवलंय.”

बाईंना पहिल्यांदा वाटलं, टाइप करणाऱ्याने घोळ घातला. मग आठवलं, की टाइप त्यांनीच केलं होतं.

“पुढचं,” त्या म्हणाल्या.

“एक-एकोणीस. ‘इथे स्वारीची मजल संपते.’”

“पुढचं.”

“एक-सव्वीस. ‘त्याच्या शेपटांनी हेच पुढे शंभर वर्षं चघळलं.’ शेपूट म्हणजे चेले, असं समजून मी तिकडच्या कारखान्यात साहेबाच्या मागे फिरणाऱ्यांना म्हणतात तो शब्द घातला. तो चुकला असेल तर सांगा.”

एक तरणे सभासद खोकल्यासारखं करून हसले. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते बाईंना म्हणाले, “अजून वाचायचं आहे का? की एवढ्यावर...”

“सगळं वाचा,” बाई म्हणाल्या.

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण बाईंना एवढ्यावर सोडायचं नव्हतं. एकशे चौदांपैकी एक तरी जागा त्या माणसाने पदरची घातलेली निघेल, आणि एक निघाली की बाकीच्या एकशे तेरांचंही बघून घेता येईल, असं त्यांच्या मनाने धरलं होतं. फोरमन वाचत गेला. बिचारा होता. पोरकट होता. ‘एवढी अक्कल असती तर’ होतं. ‘हे ध्यान’ सुद्धा होतं, आणि आपण ते लिहिलं त्या सकाळी स्वतःशीच खूश होऊन उठून चहा केला होता, हेही बाईंना आठवलं. प्रत्येक वाक्याबरोबर बाईंना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, वर्गातला, वर्तमानपत्रातला, जेवणाच्या टेबलावरचा. त्यांना लाज वाटली.

ब्याण्णवाव्या जागेला फोरमन थांबला. त्याने बाईंचा कागद पाहिला, स्वतःचा पाहिला, पुन्हा बाईंचा पाहिला.

“ही जागा माझी आहे,” तो म्हणाला. “बाईंनी नुसतं लिहिलंय, की हा विचार पुढे टिकला नाही. मी लिहिलंय, हा मूर्खपणा पुढे टिकला नाही. माझी चूक. तोवर सवय लागली होती.”

बाईंना हवी होती ती जागा मिळाली होती. त्यांनी टिपणाच्या त्या ओळीवर पेन्सिल टेकवली. पण खूण न करताच ती पिशवीत टाकली.

अध्यक्षांनी निर्णय सांगायला फार वेळ घेतला नाही. मूळ लेखकाच्या तोंडी स्वतःचं बोलणं घातलेलं पुस्तक मंडळ छापत नाही, हे त्यांनी नियमातूनच वाचून दाखवलं. वाक्य बाईंनीच तेव्हा सुचवलेलं होतं, कडक आणि बिनचूक. मुळात तसं नाही याला पुरावा म्हणून बाईंचं नऊ पानी टिपण जोडायचं ठरलं. दुसरा पुरावा लागलाच नाही. भाषांतर परत, पुन्हा करून आणलं तर पुन्हा विचार, मुदतीचं बंधन नाही. ‘मुदतीचं बंधन नाही’ हे अध्यक्षांनी सौजन्याने म्हटलं. बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी सही केली, एकवीसशे कागदांचा गठ्ठा शिपायाला खाली रिक्षापर्यंत आणायला सांगितला आणि जर्मनाचा खंड छातीशी धरून बाहेर आल्या.

जिन्याच्या वळणावर फोरमन उभा होता. बाईंची वाट बघत असावा.

“बाई, राग मानू नका,” तो म्हणाला. “मला सांगितलं होतं तेवढं मी केलं.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“नाही म्हटलंत. पण एक मागायचं होतं. काम चालू असेस्तोवर मला मूळ पुस्तक बघायची बंदी होती. आता संपलं ना? जरा बघू का? तीन महिने त्या माणसाच्या संगतीत होतो. तुमचा तो चिडका मला आवडला होता, खोटं कशाला बोलू? खरा कसा आहे?”

खरा कसा आहे. अकरा वर्षं रोज सकाळी आठ ते बारा ज्याच्या समोर बसलो, तो खरा कसा आहे, हे बाईंना सांगता येईना. तो कुणालाही सोडत नाही म्हणून तो त्यांना आवडला होता. तो जर सगळ्यांना सोडत होता, सांभाळून घेत होता, हलक्या हाताने बाजूला करून पुढे जात होता, तर मग तो कोण होता? असल्या मवाळ माणसाला त्यांनी दारात उभं केलं नसतं. आणि त्याच्यावर त्यांनी आयुष्यातली अकरा वर्षं ओवाळून टाकली होती. त्यांनी खंड पुढे केला.

फोरमनने तो कठड्यावर टेकवून मधेच कुठेतरी उघडला. खिडकीतून उजेड येत होता. तो वाचायला लागला, ओठ हलवत, बोटाने ओळ धरून, एकेक शब्द. बाईंना नेहमी यायची ती शिसारी आली नाही. खाली शिपाई गठ्ठा घेऊन रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता. अर्धं पान झालं आणि फोरमन गालात हसला. थोडं पुढे गेला आणि चांगला आवाज करून हसला.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“गमत्या माणूस आहे हो हा! कसं सांगितलंय बघा. आणि कुणाला लागत पण नाही.”

बाईंनी ते पान शंभरदा वाचलं होतं. त्याच्या समासात त्यांच्याच हाताच्या खुणा होत्या, शब्दांचे अर्थ, व्याकरणाचे बाण, कोशांतल्या पानांचे आकडे. गंमत अशी तिथे कुठेच नोंदलेली नव्हती. चौतीस वर्षं शिकवताना त्यांनी कुणालाही काही विचारलं नव्हतं, फक्त उत्तरं तपासली होती. त्यामुळे पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून जरा अडखळतच आलं.

“कुठे हसलात? दाखवा मला.”

फोरमनने अर्ध्या करंगळीच्या त्या हाताने ओळ दाखवली. बाई वाकल्या. दीड ओळीचं वाक्य होतं. त्यांनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग फोरमनसारखे ओठ हलवून तिसऱ्यांदा वाचलं. त्यातला शब्द न् शब्द त्यांना येत होता. हसू मात्र काही केल्या आलं नाही.